परत आलेल्याचं भाडं

जानेवारी महिना अमेरिकेतल्या फार्मासिस्टच्या डोक्याला ताप असतो. डिसेंबरपर्यंत बिनतक्रार मंजूर होणारी औषधं वर्ष बदललं की विमा कंपन्यांना एकदम खटकायला लागतात. मी मॅनहॅटनमध्ये, लोअर ईस्ट साइडच्या एका दुकानात काउंटरला असते. त्या दिवशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची एचआयव्हीची गोळी अशीच अडकली. दिवसाला एकच गोळी, पण छापील किंमत महिन्याला चार हजार डॉलरच्या आसपास. मी विमा कंपनीला फोन लावला, होल्डवरचं ते रटाळ संगीत सुरू झालं, आणि ते गृहस्थ समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसले.

वय सत्तरीचं. मूळचे चित्रकार, पण चित्रांवर पोट भरेना म्हणून आयुष्यभर नाटकांचे सेट बांधले. वेळ जावा म्हणून मी सहज म्हटलं, काल रात्री 'रेंट', म्हणजे 'भाडं', हा सिनेमा पाहिला. 2005चा, ख्रिस कोलंबसने त्याच नावाच्या संगीत नाटकावरून काढलेला. 1989चा नाताळ, न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधले कफल्लक कलाकार, थकलेलं भाडं, आणि आठ मुख्य पात्रांपैकी चौघांना एचआयव्ही. गाणी आवडली, पण शेवट काही पटला नाही. नायिका मीमी गेली असं वाटतं आणि ती चक्क उठून बसते! ज्या ऑपेरावर ही कथा बेतलीय, त्या प्युचिनीच्या 'ला बोएम'मधली मीमी क्षयाने मरते ती मरतेच.

"सिनेमात सगळे फारच धष्टपुष्ट आहेत," ते म्हणाले. खरं आहे. आठांपैकी सहाजण मूळ नाटकातलेच, म्हणजे दहा वर्षांनी थोराड झालेले. "पण बीपर खरा आहे."

बीपर म्हणजे गोळीची वेळ झाली की वाजणारं खिशातलं छोटं यंत्र. मीमीचा बीपर वाजतो, ती गोळी काढते आणि तिच्या प्रेमात पडलेल्या रॉजरला कळतं की आपल्यासारखाच हिलाही एचआयव्ही आहे. ती गोळी एझेडटीची. 1987मध्ये मंजूर झालेलं एचआयव्हीवरचं हे पहिलं औषध सुरुवातीला दर चार तासांनी, रात्री उठूनसुद्धा घ्यावं लागे. पांढरी कॅप्सूल, मधोमध निळा पट्टा, वर एकशिंगी घोडा. मी ती फक्त पुस्तकात पाहिलेली. "नाटक ऐन रंगात यायचं आणि अंधारात इकडून तिकडून बीपर टिवटिवायचे. आम्ही विंगेत उभे राहून ऐकायचो." मी आवाज खाली आणला, काउंटरवर माणसं होती. त्यांनी नाही आणला.

एकट्या एझेडटीला विषाणू काही काळाने दाद देईनासा होई. मग डिसेंबर 1995 ते मार्च 1996 या चार महिन्यांत प्रोटीएज इनहिबिटर, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या गटातली तीन नवी औषधं आली. 'रेंट' लिहिणारा जोनाथन लार्सन 25 जानेवारी 1996 रोजी, पहिल्या प्रिव्ह्यूच्या, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच गेला. वय 35, महाधमनी फाटून. 29 एप्रिलला नाटक ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर आलं, आणि त्याच सुमारास हॉस्पिटलांत आशा सोडलेली माणसं अंथरुणातून उठायला लागली होती.

"त्यामुळे शेवट खोटा नाही," ते म्हणाले, "पुढचं मात्र त्यात नाही."

पुढचं म्हणजे त्यांच्या मित्राचं. त्या काळी मरणाऱ्या माणसाची आयुर्विम्याची पॉलिसी विकत घेणाऱ्या कंपन्या होत्या. आज थोडे पैसे द्यायचे, तो गेला की पूर्ण रक्कम खिशात घालायची. मित्राने पॉलिसी विकली, पैसे उडवले, क्रेडिट कार्डंही संपवली. फेडायला कोण उरणार होतं? 1996च्या उन्हाळ्यात नवी औषधं लागू पडली, अंगावर मांस धरलं आणि दारात घरमालक उभा राहिला. पाठोपाठ बँका. पॉलिसीवाली कंपनी अधूनमधून फोन करून तब्येत विचारायची. "ठणठणीत!" असं तो मुद्दाम ओरडून सांगायचा. हे सांगताना ते इतके हसले की ठसकाच लागला. कर्ज फेडायला त्या मित्राने पुढे कितीतरी वर्षं रंगकाम केलं, लोकांच्या भिंतींचं. त्याच्यावर सिनेमा निघाला तर मी तिकीट काढून बघेन.

एवढ्यात पलीकडून आवाज आला. पहिलाच प्रश्न: "पेशंट अजून हे औषध घेतायत का?"

मी स्पीकर लावला. "ठणठणीत!" ते खुर्चीतूनच ओरडले.

मंजुरी मिळाली, पण तीसच दिवसांची. फेब्रुवारीत पुन्हा हाच फोन.