आमची वाटचाल : निळ्याच्या कणाला आकार देताना

आमची सुरुवात जॉबवर्कची. क्रूड कॉपर थॅलोसायनिन, म्हणजे शाई-प्लास्टिकला लागणारं निळं पिगमेंट (रंगद्रव्य) कच्च्या रूपात आणायचं आणि फिनिश करून द्यायचं. क्रूड रासायनिकदृष्ट्या पूर्ण तयार असतं, पण कण इतके मोठे की रंग म्हणून मळकट. डायएथिलीन ग्लायकॉल हा दाट द्रव घालून बारीक मिठाबरोबर ते तासन्‌तास मळलं, मीठ धुतलं, फिल्टर प्रेसमध्ये गाळून उरलेला केक वाळवला की निळा उजळतो.

शाईवाल्यांची तक्रार तरी यायचीच. शेड बरोबर, ताकद बरोबर, पण शाई घट्ट होते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो करून घेतले तेव्हा कारण समोर आलं: कण बारीक होते, पण काड्यांसारखे लांबट. थॅलोसायनिनचे सपाट रेणू एकावर एक रचले जातात आणि त्याच दिशेने स्फटिक भराभर वाढतो. लांबट कण एकमेकांत अडकले की शाई वाहायला कुरकुरते.

मग ही लांबट वाढ रोखायला आम्ही पॉलिमरकडे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंकडे वळलो, आणि फर्मची खरी ओळख तिथून घडली. स्फटिकाची जी बाजू वेगाने वाढते ती लहान होत जाते, संथ वाढणारी मोठी होते. म्हणून काडी आखूड करायची तर पॉलिमर तिच्या टोकांवर बसायला हवा. तिथे पकड घेणारे अरोमॅटिक (सपाट कड्यांचे) गट आणि बाहेर माध्यमात पसरणारी शेपटी, अशी रचना आम्हाला उपयोगी पडली. डोस पिगमेंटच्या वजनाच्या जेमतेम काही टक्के. वेळ मात्र डोसाहून महत्त्वाची: वाढ सुरू होण्याआधी पॉलिमर आत हवा. काडी तयार झाल्यावर घातला तर तो नुसतं वेष्टण होऊन बसतो. डोस वाढवला की धुण्याच्या पाण्यावर फेस चढतो आणि प्रेस तुंबते. आमचे ऑपरेटर फेस पाहूनच बॅच ओळखतात.

आखूड कणाचा आणखी एक फायदा आहे. त्याने बीटा निळा (थॅलोसायनिनचं आम्ही बनवतो ते स्फटिकरूप) हिरवटपणाकडे झुकतो, आणि छपाईच्या सायनला, म्हणजे चार मूळ शाईंपैकी निळीला, नेमकं तेच हवं असतं.

सध्या क्विनाक्रिडोन या लाल-जांभळ्या पिगमेंटवर काम चालू आहे. तिथे जोखीम वेगळी. रेणू तोच, पण त्याचं बीटा स्फटिकरूप जांभळं आणि गॅमा लाल. आकार सुधारताना रूपच बदललं तर माल वाया जातो, म्हणून प्रत्येक बॅचचा, स्फटिकरूप ओळखून देणारा एक्स-रे पॅटर्न पाहिल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही. नव्या ग्राहकाकडून आधी त्याचं रेझिन, म्हणजे पिगमेंट ज्यात मिसळायचं तो पदार्थ, मागवून घेतो. शाईत चालणारा पॉलिमर प्लास्टिकच्या मास्टरबॅचमध्ये (रंगाच्या दाट दाण्यांत) चालेलच असं नाही.