सातबाऱ्यावर नाव नसलेली राखणदार

पाटण तालुक्यात कोयनेच्या पाणलोटातले खासगी मालकीचे रान न तोडता राखल्याबद्दल शेतकऱ्यांना दरवर्षी ठरावीक मोबदला देण्याचे करार करणाऱ्या एका संस्थेत मी काम करतो. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आणि वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पण या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावरची माती धरून ठेवणाऱ्याला त्याबद्दल एरवी कुणी काही देत नाही. लाकूड ठेकेदार मात्र उभ्या रानाचे रोख पैसे मोजतो. म्हणून या कामावर माझा मनापासून विश्वास आहे.

सामाईक मालकीच्या एका जमीन गटाचा करार फेब्रुवारीत व्हायचा होता. सातबाऱ्यावर असलेले बहुतेक हिस्सेदार मुंबईला राहतात आणि त्या दिवशी ते सह्या करण्यासाठी गावी आले होते. तत्पूर्वी मी हद्द पाहायला निघालो, तेव्हा वाट दाखवायला त्यांची धाकटी भावजय आली. हद्दीवर कासराभर रुंदीचा पट्टा विळ्याने कापून, पहाटेच्या दवात जाळून काढलेला होता आणि तिच्या हातांवर त्याचे ताजे ओरखडे होते. पट्ट्याच्या बाहेरचा डोंगर वणव्याने काळा पडला होता. आत मात्र घोट्याएवढा पालापाचोळा साचलेला, त्यातून जांभळाची आणि हिरड्याची रोपे वर आलेली, आणि खालच्या घळीत झरा अजून वाहता होता. दरवर्षी होळीच्या आत ही जाळरेषा ती शेजारणींना सोबत घेऊन काढते. पतीच्या निधनानंतर वारस नोंद झालीच नसल्याने कराराच्या कागदात तिचे नाव कुठेही नव्हते.

सह्यांच्या वेळी ती दिराला म्हणाली, "भावजी, पैसं तुमी घ्या. पन जाळरेषा कोन काढनार, ते बी कागदात लिवा."

ओसरीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. थोरल्या दिरांना तो आरोप वाटला. तिने मात्र केवळ कामाचा हिशोब विचारला होता. मोबदला मालकीचा द्यायचा की राखणीचा, हा प्रश्न आमच्या मसुद्याने सोडवलाच नव्हता. इंग्लंडमधील 'सस्टेनेबल फार्मिंग इन्सेंटिव्ह' या, पर्यावरण राखणाऱ्या शेतीसाठी मोबदला देणाऱ्या योजनेत जमिनीचे व्यवस्थापन ज्याच्या हाती आहे, त्या कुळाला मालकाच्या संमतीशिवाय अर्ज करता येत असे. आपल्याकडे, जिथे पुरुष मुंबईला आणि रान बायकांच्या हाती, तिथे अशा तरतुदीची गरज कितीतरी अधिक आहे.

सह्या मी थांबवल्या. संध्याकाळपर्यंत चर्चा चालली आणि अखेर असे ठरले, की राखणीची रक्कम आधी वेगळी काढून थेट काम करणाऱ्या बायकांच्या खात्यात जाईल आणि उरलेली हिस्सेदारांत वाटली जाईल. तलाठ्याकडे द्यायच्या वारस नोंदीच्या अर्जासाठी लागणारी कागदपत्रे थोरल्या दिरांनीच गोळा करायला घेतली.

पुढचा करार पलीकडच्या वाडीतला आहे. तिथे गवळी धनगरांची गुरे मालकांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत. चराई बंदीचा मोबदला मालकाला आणि तिचा फटका धनगरांना बसेल, असा कागद मी पुढे पाठवणार नाही, हे मी संस्थेला लेखी कळवले आहे.