आजीसमोर बोलून गेले

सोलापूर, मे महिना, दुपारचे साडेबारा. पाच वर्षांचा पोरगा माझ्या दातांच्या दवाखान्यात आला तो डोक्यावर ओला टॉवेल आणि शर्ट चिंब. मला वाटलं नळाखाली खेळून आलाय. आई म्हणाली, "मीच भिजवते मॅडम, ह्याला घामच येत नाही." सोबत तिच्या सासूबाई. दर उन्हाळ्यात ताप येतो म्हणून तीन वर्षं ह्याला अँटिबायोटिकं पाजलीत आणि पोराला घाम येतो का हे एका डॉक्टरने विचारलं नाही, असो.

तोंडात वर फक्त दोन दात, तेही पेन्सिलीला टोक काढल्यासारखे. खाली काहीच नाही, एक्सरेत हिरडीखालीही एक कोंब नाही. केस विरळ, भुवया नसल्यात जमा. एक्टोडर्मल डिस्प्लेझिया, म्हणजे जन्मतःच दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट तयार न होणं. अंगणवाडीत पोरं 'आजोबा' म्हणतात म्हणे.

पाच वर्षांच्या मुलाला कवळी बसवणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. जिथे दातच आले नाहीत तिथलं हाड वाढतच नाही, खालची हिरडी सुरीच्या धारेसारखी पातळ, त्यात लाळ कमी, म्हणजे कवळी धरणार कशाला? माप घेताना दोनदा ओकला, तिसऱ्यांदा मी त्याला मोठ्याने उंट मोजायला लावले आणि सतराव्या उंटाला ट्रे बाहेर काढला. लॅबने दात पाठवले ते मोठ्या माणसाचे, दुधाच्या दातांचा सेट मिळत नाही म्हणे, मग रात्री बसून एकेक दात मीच घासून बारीक केला. वरच्या दोन टोकदार दातांना कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून दातांचा आकार दिला. जबडा वाढेल तशी दर दोन-तीन वर्षांनी कवळी नवीन, आणि इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावायच्या दातांचं, बहुतेक वाढ थांबल्यावरच, म्हणजे अठराच्या आसपास.

पण डोक्यातून जात नाहीये ते पहिल्या दिवशीचं. आई हसताना पदर तोंडावर धरत होती. मी म्हटलं ताई, जरा बघू, तर वरचा पटाशीशेजारचा एक दात खुंटीएवढा आणि दुसरा आलेलाच नाही. मला काय आनंद झाला! ज्युनिअरला जवळ बोलावलं आणि मोठ्याने सांगितलं, बघ, हे बहुतेक वेळा आईकडून येतं, आईला जरासंच दिसतं आणि मुलाला पूर्ण.

आजी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी हिच्या माहेरचं म्हना की."

मग मी सारवासारव. कुणाची चूक नसते आजी, जीनचं असतं, सिंधमधल्या एका घराण्यात चार पिढ्यांत दहा पुरुषांना असंच होतं, डार्विनने 1875 साली लिहून ठेवलंय. डार्विन! आजींना! त्या सुनेकडे बघत होत्या आणि सून फरशीकडे.

कवळी द्यायच्या दिवशी बाप आणि आजी आले. पोराने आरशात बघितलं, मग खिशातून बिस्किट काढून कट्कन तोडलं, तुकडा हातात घेऊन दाताच्या खुणा बघत बसला. कवळी कशी काढायची, रात्री पाण्यात कशी ठेवायची हे मी आईला आधीच शिकवलं होतं, ते आता आजींना परत शिकवलं. "ताई नाही आल्या?" तर म्हणे माहेरी गेलीय. का, कधी येणार, काही विचारलं नाही मी. केसपेपरवर नंबर बापाचा आहे.