निसर्गचित्रण करता करता व्हिडिओ : राजहंसगड, कणकुंबी आणि गोकाक

बेळगाव जिल्ह्याचा पश्चिमेकडचा खानापूर तालुका पावसाने झोडपून निघत असतो, त्याच दिवसांत पूर्वेला गोकाकच्या माळावर चक्क ऊन पडलेले असते आणि पश्चिमेच्या पाण्याने तिथल्या नद्या मात्र दुथडी भरून वाहत असतात. धुके, पाऊस, कडक ऊन आणि कोसळते पाणी हे सगळे एकाच जिल्ह्यात भेटत असल्यामुळे, बरीच वर्षे केवळ छायाचित्रे काढून आता व्हिडिओकडे वळलेल्या माझ्यासारख्याला सरावासाठी हा पट्टा फार सोयीचा वाटला. गणपतीच्या तोंडावर खानापूरच्या एका मित्राबरोबर केलेल्या या भटकंतीतून हाती आलेल्या गोष्टी, त्याच वाटेने जाणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून येथे मांडत आहे.

सुरुवात राजहंसगडापासून करावी. बेळगावपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, येळ्ळूरजवळचा हा किल्ला थेट गाडीरस्त्याने गाठता येतो, त्यामुळे तिकाटणे (ट्रायपॉड) आणि जड पिशवी घेऊन पहाटे चढण्याचा प्रश्न येत नाही. आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि 2023 साली उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळाही आहे. लोक दर्शनाला येत असतात, तेव्हा तिकाटणे वाटेत न मांडता तटाच्या कडेला मांडावे. पावसाळ्यात येथून ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकताना दिसतात आणि टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे जोडून केलेला वेगवान व्हिडिओ, शिकायला याहून चांगला विषय नाही. त्याचे गणित सोपे आहे. सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) धरल्या तर दहा सेकंदांच्या तुकड्याला 250 छायाचित्रे लागतात, आणि दर तीन सेकंदांनी एक काढले तर त्यासाठी साडेबारा मिनिटे कॅमेरा हलवता येत नाही. वेगाने पळणाऱ्या ढगांना तीन सेकंद ठीक असतात. ढग संथ असतील तर पाच-सहा सेकंदांचे अंतर ठेवावे. प्रकाशमापन, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) तिन्ही हाताने बांधून टाकावेत, नाहीतर प्रत्येक ढगाबरोबर चित्राचा उजेड लुकलुकत राहतो.

हीच शिस्त प्रत्यक्ष व्हिडिओलाही लागते, आणि छायाचित्रकाराची खरी अडचण येथेच सुरू होते. छायाचित्रात शटर हे आपल्या मर्जीचे साधन असते; व्हिडिओत ते जवळजवळ ठरलेले असते. सेकंदाला 25 चौकटी असतील तर शटर 1/50 सेकंदावर ठेवावे, म्हणजे हालचाल डोळ्याला पटेल इतकी पुसट राहते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे दिव्यांच्या उजेडातही याच शटरवर चित्र फडफडण्याचा त्रास सहसा होत नाही. पण लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि शटर 1/50 असताना लेन्सचे छिद्र एफ/22 पर्यंत बंद करावे लागते आणि इतक्या बारीक छिद्रात चित्राची धार मऊ पडते. एफ/5.6 वर यायचे असेल तर चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कापणारा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची करडी काच, हवाच. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी घेणार असाल, तर वाइड लेन्सवर शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, कारण चित्रात फुलीच्या आकाराची काळपट छटा उमटते. कॅमेऱ्यात स्वतःच्या मांडण्या साठवण्याची सोय असेल तर छायाचित्राची एक आणि व्हिडिओची एक अशा दोन साठवून ठेवाव्यात. वाऱ्यात उभे राहून एकेक आकडा बदलत बसण्यात उजेड निघून जातो.

राजहंसगडाहून आम्ही जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम येथे आहे, माउलीचे मंदिर आहे, आणि ऐन पावसाळ्यात गाव तासन्‌तास धुक्यात बुडालेले असते. छायाचित्रकार धुक्यावर खूश असतो. व्हिडिओत मात्र नुसते धुके पडद्यावर राखाडी भिंतीसारखे दिसते, जोपर्यंत त्याच्यातून काही हलत नाही. म्हणून चौकटीत आधी हलणारी गोष्ट शोधावी. आम्हाला ती भाताच्या बांधावर सापडली. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडायला बांधाला हातभर रुंदीची वाट ठेवलेली होती, त्यातून पाणी गुळगुळीत जिभेसारखे खाली घसरत होते आणि खाली पडल्यावर भाताच्या तीन-चार काड्यांना एकसारखे हलवत होते. छायाचित्रात त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. व्हिडिओत मात्र वीस सेकंदांचा तो तुकडा सगळ्या दऱ्याखोऱ्यांपेक्षा सरस ठरला, आणि त्याचे निम्मे श्रेय आवाजाचे आहे.

आवाज छायाचित्रकाराच्या खिजगणतीतच नसतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक वाऱ्यात केवळ घरघर टिपतो, तेव्हा छोटा का होईना पण केसाळ आवरण असलेला बाहेरचा माइक न्यावा. तोही नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून मोबाइल शर्टाच्या आडोशाला धरावा आणि पाणी, बेडूक, पानांवरचा पाऊस असा नुसता आवाज एकेक मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करावा. आम्ही हे करत असताना बांधावरून जाणारे एक वयस्कर शेतकरी थांबले आणि म्हणाले, “पाऊस यायलाय बघा, ते मशीन झाका आधी.” आभाळ आम्हाला तर तसेच दिसत होते, पाच मिनिटांत सर कोसळली. छायाचित्रातला लेन्सवरचा थेंब नंतर पुसता येतो, व्हिडिओत तो प्रत्येक चौकटीत ठाण मांडून बसतो. छत्री धरायला दुसरा माणूस हवा, तो एवढ्यासाठी. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ असू द्यावी. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर अवजड वाहने धुक्यातून अचानक समोर येतात, वळणावर तिकाटणे लावण्याचा मोह टाळावा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या धबधब्यांकडे वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये; ड्रोनचा तर तिथे विचारच नको.

गोकाकला जाताना बेळगावपासून साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये हवा पूर्ण पालटते. घटप्रभा येथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ तांबडे असते. ऑटो व्हाइट बॅलन्स या तांबूसपणाला दोष समजून तो कमी करू पाहतो, म्हणून उन्हात 5600 केल्व्हिन असा आकडा ठरवून द्यावा. छायाचित्रासाठी अर्ध्या सेकंदाचे शटर ठेवून पाण्याचे रेशीम करण्याची आपल्याला सवय असते, परंतु या धबधब्याच्या बाबतीत मला व्हिडिओच खरा वाटला, कारण रेशमात त्याचे वजन हरवते. पूर्ण धबधबा एकदाच टिपावा आणि मग लांब लेन्सने कड्याची केवळ ओठाजवळची धार, आदळणारे पाणी, वर उठणारा तुषार असे तुकडे वेगवेगळे घ्यावेत. इथला नदीवरचा झुलता पूल खुला असला तरी त्यावर तिकाटणे लावण्यात अर्थ नाही. कोणी चालले की सगळे चित्र हलते. काठावरच्या जुन्या देवळांजवळचा दगड भक्कम आहे. तिकाटण्यावर लेन्समधली स्थिरीकरणाची कळ बंद करावी. कॅमेरा फिरवायचाच असेल तर इतका सावकाश, की एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी घेईल. छायाचित्रासाठी तिकाटण्यावर बसवतात त्या बॉलहेडवर हे जमत नाही, त्यामुळे संथपणे फिरणारे फ्लुइड हेड मिळेपर्यंत कॅमेरा स्थिर ठेवलेलाच बरा. घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी सोडले की येथले रूप बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक बातम्या पाहाव्यात आणि ओल्या खडकावर काठापर्यंत जाऊ नये.

जवळच मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी हा दोन टप्प्यांत पडणारा धबधबा आहे. तो गोकाकपेक्षा शांत आहे आणि वेळ कमी असेल तर माझ्या मते आवाजाच्या सरावासाठी हाच निवडावा.

प्रत्येक ठिकाणी आधी छायाचित्र की व्हिडिओ, हा प्रश्न सुटेपर्यंत दोन्ही अर्धवट होतात. उजेड झपाट्याने बदलणार असेल, म्हणजे पहाटे आणि सूर्यास्ताला, मी छायाचित्र आधी काढतो. उजेड स्थिर असून पाणी किंवा वारा बोलत असेल तर व्हिडिओ आधी. चौकट मात्र दोन्हींसाठी एक चालत नाही. छायाचित्र 3:2 चे आणि व्हिडिओ 16:9 चा, त्यामुळे व्हिडिओत वरचे आभाळ आणि खालचा दगड दोन्ही कापले जातात.

साठवणुकीचा हिशेब घरूनच करून निघावे. सेकंदाला 100 मेगाबिटने 4के चित्रीकरण केले तर तासाला 45 जीबी भरतात, त्यामुळे व्ही30 (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) दर्जाची किमान दोन कार्डे, तीन बॅटऱ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी रोज रात्री रिकामे करायला एक हार्ड डिस्क लागतेच. रिकामे करतानाच न लागणारे तुकडे काढून टाकावेत आणि उरलेल्यांना जागेचे नाव द्यावे. घरी आल्यावर कणकुंबीचे पाणी कोणते आणि गोडचिनमलकीचे कोणते हे ऐकून ओळखत बसावे लागत नाही.