एजंटला माझं टूल सापडेना, मग डिस्क्रिप्शन पाच वेळा लिहिलं: माझा अनुभव

काकांचा सांगलीत छापखाना आहे, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्मरणिका, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं पंधरा-वीस वर्षांचं काम पडून आहे आणि ते सगळं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कृतिदेवच्या फाईलमध्ये देवनागरी नसतेच, आत साधी इंग्रजी अक्षरं असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही पाच बटणं दाबली की स्क्रीनवर "मराठी" दिसतं, फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तर हे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या खऱ्या देवनागरीत आणायला मी पायथनमध्ये कन्व्हर्टर लिहिला होता, चांगला चालत होता, म्हटलं एमसीपी सर्व्हर करून टाकू म्हणजे कुठल्याही एआय एजंटला (आपल्या सांगण्यावरून स्वतः टूल्स निवडून काम करणाऱ्या एआयला) वापरता येईल.

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत, ती अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये आणली, आणि तिची अधिकृत रजिस्ट्री, म्हणजे अशा सर्व्हरांची सार्वजनिक यादी, सप्टेंबर 2025 मध्ये प्रिव्ह्यू म्हणून सुरू झाली. रजिस्ट्रीत कोड ठेवत नाहीत, कोड पायपीआय, एनपीएम अशा पॅकेज ठेवायच्या साइटवर असतो, इथे फक्त सर्व्हर डॉट जेसन नावाची माहितीची फाईल जाते. गिटहबने लॉगिन करून नाव आपलंच आहे हे सिद्ध करायचं, ते एका संध्याकाळी उरकलं.

खरा त्रास पुढे. माझ्या टूलचं नाव होतं "कन्व्हर्ट" आणि डिस्क्रिप्शन, म्हणजे टूल काय करतं ते एजंटला सांगणारा मजकूर, एका ओळीचं, "लेगसी फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करते" (लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीचा). मला वाटलं स्पष्ट आहे की. काकांना एजंट जोडून दिला, त्यांनी अहवालातला एक परिच्छेद पेस्ट केला आणि लिहिलं, "हे काहीतरी कचरा दिसतंय, वाचता येईल असं करून दे". एजंटने माझ्या टूलला हातच लावला नाही! स्वतःच अंदाजाने मराठी लिहून दिलं, वाचायला झकास पण ठेवींचा आकडा चुकीचा. तो आकडा बघून मी खरंच घाबरलो, कारण काकांनी तो अहवाल तसाच पुढे पाठवला असता तर?

तेव्हा लक्षात आलं की "लेगसी फाँट" हा माझा शब्द आहे, काकांचा नाही. अडलेला माणूस म्हणतो अक्षरं फुटली, कचरा दिसतोय, मराठी येत नाहीये. एजंटला त्या बोलण्यावरून टूलपर्यंत पोचायचं असतं, आणि टूल्सच्या यादीत त्याच्यासमोर नाव, डिस्क्रिप्शन आणि इनपुटची स्कीमा (टूलला काय-काय माहिती द्यायची त्याचा आराखडा) एवढंच असतं, आत कोड किती भारी आहे ते त्याला दिसत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "मराठी मजकुरासाठी नेहमी हेच टूल वापरा" असं ठोकून दिलं. झालं काय, एजंट चांगल्या युनिकोड मजकुरालाही ते लावायला लागला, त्यात मधेमधे इंग्रजी शब्द होते त्यांची वाट लागली, साधा इंग्रजी "मी" हा शब्द (एम, ई) घ्या, कृतिदेवच्या हिशोबाने त्याचं "उम" होतं. म्हणजे टूल कधी वापरायचं याच्याइतकंच कधी वापरायचं नाही हेही लिहावं लागतं, आणि माझ्या मते हाच भाग लोक सर्रास गाळतात.

शेवटी टिकलेलं डिस्क्रिप्शन साधारण असं आहे: कृतिदेवमध्ये टाईप केलेला मराठी-हिंदी मजकूर युनिकोड देवनागरीत आणते, मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसत असेल किंवा युजर "अक्षरं फुटली" म्हणत असेल तेव्हा वापरा, मजकूर आधीच देवनागरीत असेल किंवा भाषांतर हवं असेल तर वापरू नका, त्या पाच अक्षरांचं उदाहरण, आणि परत काय मिळतं, म्हणजे बदललेला मजकूर अधिक न ओळखलेल्या अक्षरांची यादी. टूलचं नावही बदलून "कृतिदेव टू युनिकोड" केलं. टूलला फाँटचं नाव द्यायचं फील्ड आधी मोकळं होतं, एजंट त्यात "मराठी फाँट" असं काहीही भरायचा, तिथे ठरलेल्या पर्यायांची एनम यादी दिल्यावर ते थांबलं.

रजिस्ट्रीतली ओळ मात्र वेगळी लिहावी लागली, तिथे डिस्क्रिप्शनला 100 अक्षरांची मर्यादा आहे. तिथे "शक्तिशाली", "अत्याधुनिक" असले शब्द घालून जागा घालवू नका, काय घेतं आणि काय देतं तेवढंच लिहा. सर्व्हरच्या नावातही मी कृतिदेव घातलं, कारण रजिस्ट्रीचा साधा सर्च नावातली अक्षरं जुळवतो. आणि एकदा पब्लिश केलेल्या व्हर्जनची माहिती बदलता येत नाही, एक स्पेलिंग चुकलं तरी नवीन व्हर्जन काढावं लागतं, म्हणून आधी घरीच तपासा.

मी तपासलं ते असं, काकांकडून आणि छापखान्यातल्या दोन ऑपरेटरांकडून वीस वाक्यं त्यांच्याच भाषेत लिहून घेतली, त्यातली सहा मुद्दाम टूलशी संबंध नसलेली, आणि डिस्क्रिप्शनचा प्रत्येक बदल या वीसही वाक्यांवर चालवला. आता एकच वाक्य अडतं, "हे नीट कर". त्यावर एजंट उलट विचारतो की अक्षरं फुटलीत का शुद्धलेखन सुधारायचंय, ते मी तसंच ठेवलंय.