ट्रॉलीच्या कडीला कुलूप बसवताना

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या चुलत्यांची ट्रॉली मळ्यातून चोरीला गेली. ऊस संपला होता, हंगाम मार्चमध्येच बंद झालेला. ट्रॉली विहिरीजवळच्या आंब्याखाली उभी होती. सकाळी धार काढायला गेलेल्या पोराला तिथे फक्त चार चाकांचे चरे दिसले, डांबरी रस्त्यापर्यंत गेलेले. कुणीतरी रात्री ट्रॅक्टर आणला, दांडीच्या कडीत हूक अडकवला आणि निघून गेला. कुत्री भुंकली असतीलच, पण आमच्याकडे रात्री पाण्याच्या पाळीला माणसं ट्रॅक्टर घेऊन जातात. ट्रॅक्टरच्या आवाजाला कोण उठतंय?

चुलत्यांनी तक्रार दिली, पंचनामा झाला. ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नोंदणी क्रमांक असतो. तो मागच्या फाळक्यावर रंगवलेला होता आणि चोरानं पहिल्यांदा तोच पुसला असणार. ओळख पटवायला दुसरं काही आहे का, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा चुलते गप्प झाले. सहा वर्षं कर्जाचे हप्ते भरून ती ट्रॉली त्यांची झाली होती. त्या दिवशी ओट्यावर बसलेले चुलते मला अजून दिसतात. त्यांना मी तसं कधीच पाहिलं नव्हतं.

आमचं घर कोल्हापूर जिल्ह्यात, भोगावतीकाठच्या गावात, जुन्या बोळात. बोळातून ट्रॅक्टर जेमतेम येतो, ट्रॉली वळतच नाही. म्हणून आमचीही ट्रॉली मळ्यातच असते, चुलत्यांच्या आंब्यापासून दोन बांध सोडून. त्याच आठवड्यात मी कुलूप शोधायला लागलो.

वडील म्हणाले, "पिन काढून घरी आण, म्हंजे झालं." आमच्यात सगळे तेच करतात. पण ट्रॅक्टर घेऊन येणारा चोर खिशातून पिनही घेऊन येतो. पिन कोणत्याही शेती अवजारांच्या दुकानात मिळते. मग मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून साखळी आणि घराला लावतात तसं पितळी कुलूप आणलं. माझा एक मित्र उद्यमनगरात लेथवर आहे. त्याला दाखवलं तर तो काही न बोलता आत गेला, मोठा बोल्ट कटर घेऊन आला आणि साखळीची एक कडी माझ्यासमोर तोडली. कडधान्याच्या शेंगेसारखी फुटली. "ही साध्या लोखंडाची हाय. गुरं बांधायला बरी," म्हणाला. कुलपाची कडीही तशीच गेली. पैसे गेले, पण ते मळ्यात लावायच्या आधी कळलं हे चांगलं झालं.

नंतर ऑनलाइन शोधलं. परदेशात लोक गाडीमागे राहण्याची कॅरव्हॅन ओढून नेतात, तिच्या जोडणीसाठी खास कुलपं मिळतात. एक मागवलं. दिसायला मजबूत, लालभडक. घरी आल्यावर कळलं की ते गोळ्याच्या जोडणीसाठी आहे. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, पन्नास मिलिमीटरचा, आणि कॅरव्हॅनच्या तोंडाला त्यावर बसणारी वाटी असते. ते कुलूप त्या वाटीत गोळ्याच्या जागी बसतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला आपला गोळा तिथे घालता येत नाही. आपल्या ट्रॉलीला वाटी नसते, कडी असते. तिच्यातून उभी पिन जाते. कुलूप परत पाठवलं. पण त्यामागचा विचार डोक्यात राहिला: जिथे चोराची वस्तू बसणार ती जागाच भरून टाकायची. माझ्या कडीचं भोक मोजलं, पावणेदोन इंच. त्या भोकातून काही आरपार जाऊ शकलं नाही तर ना हूक अडकेल, ना पिन पडेल.

तयार कुलूप या मापाचं मला मिळालं नाही. मात्र कोल्हापूरला राहणाऱ्या माणसानं लोखंडाच्या वस्तूसाठी फार काळजी करू नये. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत ओतीव काम, दुसरीत लेथ, तिसरीत हीट ट्रीटमेंट. ऑइल इंजिनांच्या काळापासून तिथल्या मिस्त्री लोकांच्या हाताला लोखंड कळतं. मित्राच्या मिस्त्रींनी, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, कागदावर एक चित्र काढलं. बेचाळीस मिलिमीटरचा जाड दांडा, त्याला बोल्टसारखं एका टोकाला रुंद डोकं. दांडा कडीतून आरपार जाणार. दुसऱ्या टोकाला एकशे दहा मिलिमीटरची जाड टोपी, आणि टोपीच्या पोटात खोबण. त्या खोबणीत बसणार कंटेनरच्या दाराला लावतात तसलं थाळीसारखं गोल कुलूप, त्र्याहत्तर मिलिमीटर व्यासाचं. या कुलपाची कडी बाहेर नसते, पोटात आडवी दडलेली असते. म्हणजे कटरला पकडायला काही उरत नाही. दांड्याच्या टोकाची भोक पाडलेली पट्टी कुलपाच्या पोटात शिरते आणि किल्ली फिरवली की आडवी कडी त्या भोकातून जाते.

दांडा आणि डोकं वेल्डिंगनं जोडू का, असं मी विचारलं. स्वस्त पडलं असतं. आण्णा नाही म्हणाले. वेल्डिंगची रेघ हीच चोराची वाट, आणि असल्या पोलादाला घाईनं वेल्डिंग केलं तर शेजारचा भाग तडकतो. मोठ्या गोल बारमधून एकसंध काढायचं ठरलं. किती पोलाद भुश्यात गेलं ते बघून जीव हळहळला, पण वस्तू मनासारखी झाली.

पोलाद घेतलं ईएन-२४ नावाचं, मिश्र पोलादाचा एक प्रकार. इथे एक चूक केली, ती सविस्तर सांगतो, कारण ती कुणीही करेल. तुकडा तयार झाला तो मऊच होता, यंत्रावर कापता यावा म्हणून. आता त्याला कडक करायचं. उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटला दोन दिवस लागणार होते आणि मला घाई. गावातल्या लोहाराकडे दांडा नेला, भात्यावर लाल केला आणि कुळव-कोयत्याच्या पात्यासारखा पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला, मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी तो दोन बोटांत धरून छोट्या हातोडीनं ठोकला, कान लावला आणि म्हणाले, "फुटका आवाज येतोय." घणाचा एक घाव घातला आणि डोक्याच्या मुळाशी तुकडा पडला. आत केसासारखी तड आधीच गेली होती. कोयत्याचं साधं पोलाद पाणी सोसतं, ईएन-२४ तेलात विझवायचं असतं. पाण्यात ते इतकं झटक्यानं गार होतं की आतला ताण त्याला फाडतो. आणि नुसतं विझवून चालत नाही, नंतर मंद आचेवर पुन्हा तापवून थोडं नरम करावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ राहतं. लोहारदादांचा यात काही दोष नव्हता. त्यांना पोलाद कुठलं हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसरा तुकडा रीतसर भट्टीतून आला. कडकपणा रॉकवेल सी मापावर पन्नासच्या आसपास होता, त्यांनी यंत्रावर माझ्यासमोर मोजून दाखवला. करवतीचं पातं त्यावर घसरत होतं, फक्त चमकदार ओरखडा उठत होता. आण्णांनी घण घातला, तुकडा उडाला, जमिनीवर आपटला आणि घुमला. तो आवाज ऐकून मी निश्चिंत झालो. पोलाद, लेथ, भट्टी आणि ते गोल कुलूप मिळून चार हजारांच्या थोडं वर गेलं. सगळं मिळून वजन सहा किलोच्या जवळपास.

बसवताना वडिलांनी एक गोष्ट बघितली जी माझ्या आणि आण्णांच्याही लक्षात आली नव्हती. मी टोपी वर आणि डोकं खाली ठेवून बसवत होतो, किल्ली लावायला सोपं म्हणून. वडील म्हणाले, "आषाढात ह्या वाटीत पाणी साठंल. उलटं लाव की." खरंच, टोपीचं तोंड वर असेल तर ती पावसाची वाटीच. उलटं लावलं तर पाणी गळून जातं, किल्लीचं भोक जमिनीकडे राहतं, आणि चोराला घण मारायचा तर ट्रॉलीखाली उताणं पडून मारावा लागेल. तेव्हापासून तसंच लावतो. मात्र दांडी जॅकवर हातभर उंच ठेवावी लागते, नाहीतर चिखल उडून भोकात जातो. किल्लीच्या भोकात ग्रीस घालायचं नाही, हे मी कुलूपवाल्याकडून शिकलो. ग्रीसला माती चिकटते आणि ते दगडासारखं होतं. शिसपेन्सिलीच्या गाभ्यासारखी ग्रॅफाइटची पूड फुंकायची.

हे सगळं झाल्यावर मित्रानं विचारलं, "हूक न्हाय अडकला तर साखळी बांधून ओढतील की." मला राग आला, कारण त्याचं खरं होतं. कडी बंद केली तरी दांडीभोवती साखळी गुंडाळून ट्रॉली रस्त्यापर्यंत ओढता येते, आणि एकदा ती मळ्याबाहेर गेली की पुढं गॅस कटरला वेळच वेळ. म्हणून चाकही बांधायला हवं होतं. क्रेनला वापरतात ती ८० ग्रेडची साखळी घेतली, तेरा मिलिमीटर जाडीची. तिच्या कड्यांवर ग्रेडचा ठसा असतो, तो बघूनच घ्यावी. मागच्या चाकाच्या डिस्कमधल्या फटीतून घालून ती स्प्रिंगच्या पाट्यांच्या वरून चेसीला आवळली. साखळी ताठ आणि जमिनीपासून वर राहिली पाहिजे. सैल पडून जमिनीला टेकली तर कटरचा एक दांडा जमिनीवर रोवून दुसऱ्यावर पूर्ण अंगाचा भार देता येतो, आणि हाताला न तुटणारी कडीही मग तुटू शकते. साखळीचं कुलूप गोल कुलपाच्याच किल्लीनं उघडणारं मागून घेतलं. दोन वेगळ्या किल्ल्या म्हणजे एक नेहमी दुसऱ्याच्या खिशात.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन कुणी आला तर हेही कापलं जाईल, काही मिनिटांत. ते मला माहीत आहे. पण ठिणग्या उडतील, आवाज येईल, आणि ट्रॅक्टरच्या आवाजाला न उठणारं गाव ग्राइंडरच्या आवाजाला उठतं. रात्री दोन वाजता शेतात लोखंड कापायचं काम कुणाचंही नसतं.

शेवटी लोखंडावर अक्षरं-आकडे ठोकायच्या पंचांचा संच आणून ट्रॉलीच्या चेसीवर, ॲक्सलवर, फाळक्याच्या आतल्या बाजूला आणि आणखी दोन ठिकाणी नाव आणि नोंदणी क्रमांक ठोकला. ती दोन ठिकाणं इथे सांगत नाही. रंगाखालचा ठोकलेला आकडा घासून काढायला वेळ लागतो आणि घासलेली जागा दिसते. मोबाईलवर फोटो काढून ठेवले. चुलत्यांना हे आधी करून दिलं असतं तर त्या दिवशी पोलीस ठाण्यात ते गप्प बसले नसते, असं मला अजून वाटतं.

एक गोष्ट निवडताना मी पहिल्यापासून धरून होतो: चोराला उघडता येऊ नये, पण मला रात्री, पावसात, घाबरलेल्या हातानं उघडता आलं पाहिजे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी इथे पाहिलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही. महापुरात ट्रॉली हीच आमची वाहतूक. जनावरं, धान्याची पोती, म्हातारी माणसं तिच्यातूनच बाहेर निघतात. कुलूप गंजून अडकलं किंवा किल्ली सापडली नाही तर चोरापेक्षा मोठं नुकसान होईल. म्हणून किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक देवघरातल्या डब्यात, एक चुलत्यांकडे. आणि कुलूप असं निवडलं की उघडं असताना किल्ली बाहेरच निघत नाही, अंधारात ती चिखलात पडायची भीती नाही.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्या जिल्ह्यासारखी आम्हीही तासातासाला बघत होतो. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. एकोणचाळीस ओलांडल्याचं कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी आणि चुलते विजेरी घेऊन मळ्यात गेलो. पाणी दोन बांधांपलीकडे चकाकत होतं. मी ट्रॉलीखाली हात घातला, चिखल पुसला, किल्ली लावली. थोडी अडखळली, मग फिरली. टोपी हातात आली तिच्या वजनानं मनगट खाली गेलं. चुलत्यांनी साखळी सोडली, मी ट्रॅक्टर मागे घेतला, त्यांनी पिन टाकली. म्हशी आणि दोन रेडकं पहाटेआधी वरच्या गायरानात पोहोचली. चुलत्यांनी यंदा दिवाळीनंतर नवी ट्रॉली घ्यायचं ठरवलंय. तिच्या कडीचं माप आण्णांकडे आधीच देऊन आलोय.