श्रावणातले औषध

पिंजऱ्यातल्या कोंबडीला सहसा जंत होत नाहीत, ही गोष्ट घरी हौसेने कोंबड्या पाळणाऱ्याला थोडी झोंबते. अंड्यांच्या मोठ्या व्यवसायात तारेच्या जाळीवर उभी राहणारी कोंबडी मातीला पाय लावत नाही. तिची शिट जाळीतून खाली पडते आणि शिटेतली जंतांची अंडी तिच्या चोचीपर्यंत परत येत नाहीत. उलट कोकणातल्या आमच्या परसात, जिथे प्रत्येक कोंबडीला नाव आहे आणि खुराड्यावर खास कौले घातलेली आहेत, तिथे काळी, पिंगळी आणि त्यांच्या मैत्रिणी दिवसभर उकिरडा उकरतात, शेणाचा पो उलथा करून त्यातले भुंगेरे टिपतात, मुंग्यांच्या रांगा फस्त करतात आणि संध्याकाळी पोटभर जंत घेऊन घरी येतात. ज्या हालचाली पाहण्यासाठी आपण कोंबड्या पाळतो त्याच त्यांच्या दुखण्याचे कारण असल्यामुळे त्या बंद करण्यात अर्थ नसतो, आणि म्हणून औषधाला पर्याय उरत नाही.

कोंबडीच्या आतड्यातला मोठा गोल जंत बोटभर लांब, पांढरट आणि दिसायला अगदीच सामान्य असतो; त्याची कर्तबगारी त्याच्या अंड्यांत असते. मादी रोज हजारो अंडी घालते, ती शिटेवाटे मातीत पडतात आणि उबदार ओलाव्यात साधारण पंधरवड्यात दुसऱ्या कोंबडीच्या पोटात जाण्यास सज्ज होतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मानवत नाही, पण कोकणचा पावसाळा त्यांच्या सोयीसाठीच केल्यासारखा असतो. चपट्या पट्टकृमीचा मार्ग याहून आडवळणाचा आहे: त्याची अंडी आधी मुंगी किंवा भुंगेरा खातो आणि मग त्या किड्याला कोंबडी खाते. गांडूळ, ज्याला आपण शाळेपासून शेतकऱ्याचा मित्र म्हणत आलो, तेसुद्धा काही जातींच्या जंतांची ने-आण करते. मैत्री सर्वांशी सारखी निभावता येत नाही, हेच खरे.

थोडेफार जंत धडधाकट कोंबडी निमूटपणे सोसते. संख्या वाढली की तुरा फिकट पडतो, पिसांची चकाकी जाते, अंडी कमी होतात आणि उचलून घेतल्यावर छातीचे हाड धारेसारखे हाताला लागते. परंतु ही लक्षणे इतर दहा दुखण्यांचीही असू शकतात. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी शिट नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, जरी तो डबा हातात धरून एस.टी.त बसणे प्रतिष्ठेला साजेसे नसले तरी. शेजारपाजारचे सल्लेही येतात. वावडिंग, पळसाचे बी, कडुनिंबाचा पाला ही नावे आपल्या घरगुती औषधांत जुनी आहेत आणि मी त्यांना हसत नाही. हसू येते ते पाण्यात लाल तिखट कालवा म्हणणाऱ्यांचे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे कोंबडी ते पाणी आनंदाने पिते आणि जंतही जागच्या जागी राहतात.

देशातल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत 2015 पासून 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन पाळला जातो आणि मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावतात. कोंबड्यांसाठीही डॉक्टर अनेकदा हेच औषध पातळ स्वरूपात देतात, पण कोंबडीला रांगेत उभे करता येत नाही आणि चावायला तिला दात नाहीत. मोठ्या कळपात औषध पिण्याच्या पाण्यातून देतात. आमच्यासारख्यांच्या बाबतीत ती युक्ती पावसाळ्यात फसते, कारण औषधाचे भांडे सोडून सगळ्याजणी अंगणातल्या डबक्याकडे धावतात, आणि जी भांड्याशी थांबते ती सर्वांत दांडगी असते व इतरांच्या वाट्याचेही पिते. तेव्हा प्रत्येकीचे वजन करून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेप्रमाणे, एकेकीला हातात धरूनच औषध द्यावे लागते. दिवसा कोंबडी हाती लागत नाही. अंधार पडल्यावर मात्र तिला फारसे दिसत नाही आणि खुराड्यातून उचलली तरी ती केवळ नाराजीचा एक सूर काढून काखेत शांत बसते. यात जपायचे ते एकच: तिच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे सुई काढलेल्या सिरिंजने घशात पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडत, ती गिळेपर्यंत थांबावे लागते. भाकरीच्या लहानशा तुकड्यात मात्रा मुरवून भरवणे त्याहून सोपे.

एका मात्रेने काम संपत नाही. पायपेराझिनसारखी औषधे आतड्याच्या पोकळीतल्या मोठ्या जंतांनाच लुळे करून बाहेर काढतात. आतड्याच्या अस्तरात शिरलेली पिल्ले त्यातून वाचतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांची जागा घेतात. म्हणून दुसरी मात्रा ठरलेलीच असते, आणि राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस द्यायची असेल तर तीही जंत काढल्यावर. खुराड्यातले ओले तूस काढून कोरडे घालणे, चुना भुरभुरणे, पाण्याचे भांडे विटांवर उंच ठेवणे ही बिनकौतुकाची कामे मला बाटलीइतकीच महत्त्वाची वाटतात.

राहता राहिली अंडी. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, त्यामुळे डॉक्टर सांगतील तितके दिवस ती कोणी खायची नसतात. आम्ही ती खुडूक कोंबडीखालीही ठेवत नाही, माडाच्या बुडाशी खड्डा करून पुरतो. एरवी घरात याला मोठा विरोध झाला असता, पण जंतांचा जोर आणि श्रावण नेमके एकाच सुमारास येतात. आमच्याकडे श्रावण लागल्यापासून गणपतीचे विसर्जन होईपर्यंत अंडे शिजत नाही, आणि दोन्ही मात्रा व त्यानंतरचे वर्ज्य दिवस त्या मुदतीत सहज बसतात. आळीत श्रावण न पाळणारी दोन घरे आहेत, जी आमच्याकडूनच गावठी अंडी नेतात. आमच्या कोंबड्यांपायी आता त्यांनाही तो पाळावा लागतो.